पुढच्या एक्सलचा नट: ताकद नको, टॉर्क द्या

नमस्कार मंडळी! नाशिकमध्ये पावसाळा सरला की अंबड-सातपूरच्या गॅरेजांत फोर बाय फोर गाड्यांची रांग लागते. कुणी त्र्यंबक-इगतपुरीच्या चिखलात घालून आणलेली असते, कुणी दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत क्रेट भरून फिरवलेली. तक्रार मात्र तीच. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून कटकट आवाज. एक्सलच्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून जातं, आत माती शिरते आणि जॉइंट खाल्ला जातो. आणि "मी तर टू व्हीलवरच चालवतो" म्हणून सुटका नाही. चाक एक्सलपासून मोकळं करणारे हब लॉक गाडीला नसतील, तर चाकाबरोबर एक्सल फिरतोच.

आज पुढचा सीव्ही एक्सल बसवायचा, म्हणजे डिफरेन्शियलपासून (आपला डिफ) चाकाला फिरवणारा, दोन्ही टोकांना वळणारे जॉइंट असलेला शाफ्ट. थार, हायलक्स, व्ही-क्रॉस अशा, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं आपापली वर-खाली होणारं) असलेल्या गाड्यांबद्दल बोलतोय. जिम्नीला पुढे सॉलिड एक्सल आहे, तो विषय वेगळा.

(कॅमेरा हबवर) चाक ज्यावर बसतं तो हा हब. आधी हा मधला मोठा नट बघा. एक्सल बाहेर पडू नये म्हणून तो असतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तेवढंच काम असतं तर एक पिन पुरली असती! बऱ्याच गाड्यांत हबच्या बेअरिंगची आतली रिंग दोन तुकड्यांची असते. ते दोन तुकडे ठरावीक दाबाने एकमेकांवर बसावे लागतात, आणि तो दाब हा नट देतो. ढिला राहिला तर चाकाला प्ले येतो आणि बेअरिंग घरघरायला लागतं. जास्त आवळला तर आटे ताणले जातात, बेअरिंगवर नको तितका ताण येतो. म्हणून हबमध्ये एक्सल नसताना गाडी चाकावर उभी करून ढकलू नका. गॅरेजात जागा करायला म्हणून सर्रास ढकलतात, आणि मग महिन्याभरात आवाज आला की दोष नव्या एक्सलला.

काढण्याचं काम झटपट सांगतो. आधी जॅक लावून चेसिसखाली स्टँड द्या, मग कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून नट सैल करा. नुसत्या जॅकवर काम नाही म्हणजे नाही. ब्रेकचा कॅलिपर काढलात तर तारेने बांधा, ब्रेकच्या होजवर लटकवू नका. एबीएसच्या वायरकडे लक्ष असू द्या. बॉल जॉइंट सोडवून नकल (हब धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) बाजूला घ्या. आतली बाजू डिफमधून टॉमीने (लोखंडी पहारीने) सोडवायची. शाफ्ट धरून ओढलात तर आतला जॉइंट सुटून हातात येईल. खाली ट्रे ठेवा, थोडं ऑइल सांडणारच.

आता बसवणं. इथे घाई नको. जुना आणि नवा एक्सल शेजारी ठेवून लांबी, स्प्लाइनचे (टोकावरच्या खाचांचे) दाते आणि एबीएसची रिंग असेल तर तीही ताडून बघा. आतल्या टोकाची सर्क्लिप (शाफ्ट अडकवून ठेवणारी स्प्रिंगची रिंग) नवी घाला, तिचं तोंड खाली करा. ऑइल सीलच्या ओठाला थोडं ऑइल लावा आणि शाफ्ट सरळ धरून आत घाला. स्प्लाइनच्या धारेने सील कापलं गेलं, तर चार दिवसांनी सगळं परत खोलायचं. सर्क्लिप बसली की टक् असं जाणवतं. मग आतला जॉइंट हलकेच ओढून बघा, बाहेर आला नाही तर बसला. काही मॉडेलना आतल्या बाजूला स्प्लाइनऐवजी फ्लँज (चपटी तबकडी) आणि बोल्ट असतात, ते समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे.

(कॅमेरा टॉर्क रेंचवर) आता खरी गोष्ट, टॉर्क, म्हणजे नट फिरवायचा मोजलेला जोर. नट नवाच घ्या. चेपून लॉक होणारा किंवा नायलॉनचा नट दुसऱ्यांदा पकडत नाही. खोबणीचा नट आणि पिन असेल तर पिन तरी नवी घाला. आटे वायर ब्रशने साफ करा. मॅन्युअलमध्ये लिहिलं नसेल तर तेल लावू नका. त्याच टॉर्कला तेलकट आटे जास्त ताणले जातात.

न्यूमॅटिक गन सोडवायला वापरा, शेवटचं आवळायला नाही. ती नेमका किती टॉर्क देते ते हाताला कळत नाही. समजा मॅन्युअलमध्ये 250 न्यूटन मीटर आहे. अर्धा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला ते साधारण 51 किलो वजन झालं, एक मीटर पाइप लावला तर 25 किलो. म्हणजे पाइपावर उभा राहून "आवळला भावा" म्हणणारा माणूस किती पुढे गेला, हिशेब करा. आकडा मात्र तुमच्याच गाडीच्या मॅन्युअलमधला. युनिटही बघा, कारण 180 फूट-पाउंड म्हणजे 244 न्यूटन मीटर. आणि तुमचा टॉर्क रेंच तेवढ्यापर्यंत जातो ना, तेही बघा. बऱ्याच जणांकडचा 210 न्यूटन मीटरला संपतो.

हा नट आवळताना मी चाक जमिनीवर टेकवत नाही. पोराला ब्रेक दाबून धरायला सांगतो आणि हवेतच पूर्ण टॉर्क देतो, कारण सैल नटावर गाडीचं वजन आलेलं बेअरिंगला चालत नाही. एका दमात, न थांबता, रेंचचा क्लिक होईपर्यंत. क्लिक झाल्यावर परत "एक झटका" देऊ नका! नंतर नट लॉक करा. पिनचं भोक जुळत नसेल तर मॅन्युअल काय म्हणतं ते बघा, नट उलटा सैल करून भोक जुळवणं चूक.

बॉल जॉइंट, कॅलिपरचे बोल्टही त्यांच्या त्यांच्या टॉर्कला. डिफचं ऑइल लेव्हलला आणा. चाकाचे नट आडवेतिडवे आवळा आणि 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. मग मोकळ्या मैदानात हळू, दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग वळवून गोल फिरवा. वळताना कटकट आली तर बाहेरचा जॉइंट. सरळ जाताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर पुढून थरथर आली तर आतला. नवा एक्सल घालूनही एका बाजूला वळताना कटकट तशीच असेल, तर दुसऱ्या बाजूचा बूट वाकून बघा. बहुतेकदा तोही फाटलेलाच असतो.