दाखल्यावर सही कोण करणार?

मंडळी, विषय अशुभ आहे म्हणून आज चहा आधी दिला, असं अध्यक्ष म्हणाले. बरं केलं.

माझी आत्या शेवटची अडीच वर्षं कोथरूडला एका शुश्रूषा केंद्रात होती. पहाटे सव्वातीनला गेली. आम्ही पोचलो तोवर तिथल्या मावशींनी तिची वेणी घातली होती, हनुवटीखालून डोक्यावर गॉजची पट्टी बांधली होती. "दादा, दोन-तीन तासांत जबडा आवळतो, मग तोंड मिटत नाही." कवळी मात्र वाटीतच राहिली. आजही मला आधी ती वाटी आठवते.

मग अडलो ते डॉक्टरच्या दाखल्यापाशी, म्हणजे मृत्यूचं कारण लिहिलेल्या प्रमाणपत्रापाशी. केंद्राचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे आणि त्यांचा फोन बंद. शेजारच्या डॉक्टरांनी हात जोडले, "मी यांना कधी तपासलंच नाही, कारण काय लिहू?" त्यांचं बरोबरच होतं. रुग्णालयात मृत्यू झाला तर हा दाखला नमुना ४ मध्ये, बाहेर झाला तर ४ अ मध्ये. आणि तो शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरनंच द्यायचा, फी न घेता. तो नसेल तर महापालिकेचा अंत्यसंस्काराचा पास अडतो आणि पासाशिवाय वैकुंठ स्मशानभूमीत काही हलत नाही. त्यातून माणूस पडल्यामुळे गेला असेल तर पोलिसांना कळवावंच लागतं. खुब्याचं हाड मोडून महिन्याभरानं गेला, तरीही. तिथं ओळखीच्या डॉक्टरकडून "हृदयविकार" लिहून घेऊ नका.

प्रवेश घेताना आपण डिपॉझिट विचारतो, डायपरचा खर्च विचारतो. रात्री-अपरात्री दाखला कोण देणार, हे विचारत नाही. तेवढं विचारा, डॉक्टरचं नाव लिहून घ्या. मूळ आधार कार्ड कुणाच्या कपाटात आहे, तेही बघून ठेवा. आमचं नाशिकला होतं!

नोंदणी २१ दिवसांत व्हावी लागते. १९६९चा कायदा आहे. नर्सिंग होममध्ये मृत्यू झाला तर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं कळवायचं, धर्मशाळेत झाला तर ती चालवणाऱ्यानं. कायद्यातल्या अशा जागांच्या यादीत ताडीचं दुकानसुद्धा आहे, हसू नका. नोंदणीनंतर मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती भरपूर घ्या, बँका मागत राहतात.

नेत्रदान करायचं असेल तर हाताशी सहा तास असतात. आमचे दाखल्याच्या धावपळीतच गेले.

नऊला डॉक्टर आले, सही झाली. शववाहिकेवाल्यानं विचारलं, "पेसमेकर आहे का? असला तर काढून घ्या, दाहिनीत बॅटरी फुटते." आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मुलगा अमेरिकेत, भाचरं पाच-सहा, कुणाला काही ठाऊक नाही. दारात उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "आहे. डाव्या खांद्याखाली. आंघोळ घालताना रोज हाताला लागायचा."

डॉक्टरांनी आपली पिशवी पुन्हा उघडली.