शंभर दालरचा कागद

(दृश्य : दोघांनी मिळून उचललेली तांब्याची पाटी)

हे नाणं आहे. वजन १९.७ किलो. १६४४ साली स्वीडनमध्ये पाडलेलं दहा दालरचं. दालर हे तिथलं तेव्हाचं चलन. चांदीची चणचण होती, पण फालूनच्या खाणीत तांबं उदंड. म्हणून दहा दालर चांदीच्या मोलाचं तांबं थेट पाटीतच ओतायचं. चारही कोपऱ्यांवर ठसा, मधोमध आणखी एक. या वजनाने शंभर दालर म्हणजे जवळपास दोनशे किलो. बाजारात गाडी न्यायची ती माल आणायला की पैसे वाहायला?

योहान पामस्ट्रुकच्या स्टॉकहोममधल्या बँकेला १६५६ मध्ये सनद मिळाली. १६६० मध्ये नव्या पाट्यांचं वजन घटलं, तशा जुन्या पाट्या धातू म्हणूनच जास्त मोलाच्या ठरल्या. ठेवीदार त्या परत मागायला धावले, आणि बँकेने तर पैसा कर्जाऊ वाटून टाकलेला. १६६१ मध्ये पामस्ट्रुकने कागद पुढे केला. ठरावीक रकमेचा, बिनव्याजी, ज्याच्या हाती त्याचा. युरोपातली पहिली बँकनोट ती हीच.

(दृश्य : नोट उजेडासमोर धरलेली)

ही १६६६ची, शंभर दालरची. हातकागद जाडसर आहे. उजेडात वॉटरमार्क उमटतो : 'बांको'. राजाचा चेहरा नाही, देवीदेवता नाहीत. या नोटेच्या धारकाचे बँकेत इतके दालर जमा आहेत, एवढं छापलेलं. बाकी सगळी भिस्त मुद्रांवर, म्हणजे उठवलेल्या शिक्क्यांवर, आणि शाईच्या सह्यांवर.

(दृश्य : सह्या, अगदी जवळून)

इथे कॅमेरा थोडा थांबवलाय. खोटी नोट करणाऱ्याला नुसता मजकूर छापून भागत नव्हतं; इतक्या जणांच्या हाताचं वळण गिरवावं लागे. यापेक्षा नेटकी रचना आम्हाला तरी सुचत नाही.

नोटा भरमसाट निघाल्या, बँक बुडाली, पामस्ट्रुक तुरुंगात गेला आणि १६६८ मध्ये आजच्या रिक्सबँकेचा, म्हणजे स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेचा, पाया पडला.

(दृश्य : टेबलावर सूचीचा ग्रंथ, भिंग, पट्टी)

आता नोंद. संग्राहक आधी 'पिक नंबर' विचारतात. आल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाने जगभरच्या नोटांची सूची केली, तिच्यातला हा नंबर. तो नोटेचा प्रकार सांगतो. कारखान्यात लाखांनी छापलेल्या नोटेला तेवढं पुष्कळ झालं. हिला नाही. हिच्यावर माणसांचे हात फिरलेत, म्हणून प्रत्येक प्रत वेगळी लिहायची : क्रमांक, लांबीरुंदी, कोणकोणाच्या सह्या, कुठली मुद्रा पुसट, घड्या किती, कड कातरलेली आहे का. तीच नोट पुन्हा लिलावात आली तर क्रमांकावरून ओळखू येते.

'सुंदर प्रत' एवढंच लिहून मोकळं होणं ही जाहिरात झाली, नोंद नव्हे. मागची बाजू कोरी असली तरी तिचा फोटो हवा. डागडुजी तिथेच सापडते. घडीवर डकवलेली कागदाची पट्टी दिसली, तर तीही मोजून लिहायची. पुढच्या विक्रीआधी कुणी ती सोडवून टाकलेली असू शकते.