रेकॉर्डचं वय

(जुना बाजार, सकाळ)

मंगळवार पेठेत रविवारचा जुना बाजार. गंजलेले पाने, बंद घड्याळं, पितळी नळ आणि खाली गोणपाटावर रेकॉर्डची चळत. काका आधी कडेवरून बोट फिरवतात. कुठं टवका उडालाय का, ते बघायला. लाखेचा माल हा, हातातून सुटला की संपला.

(सदाशिव पेठ, काकांची खोली)

लेबलवर गायिकेचं नाव आहे, अभंगाची पहिली ओळ आहे. साल नाही. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डवर ते सहसा नसतंच. म्हणून बॅटरी तिरकी धरायची. रेघा संपतात तिथं, लेबलला लागून, एक बारीक नंबर उमटलेला असतो. तो जुन्या कॅटलॉगशी ताडायचा. या एका नंबरापायी काकांचे चार दिवस गेले. साल निघालं १९४८.

एवढा खटाटोप कशाला? तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे ही रेकॉर्ड २००८ अखेर मोकळी झाली. शब्द तुकोबांचे, चाल परंपरेची. तिथं कोण आडवं येणार?

(पिन रेकॉर्डवर टेकते)

खरखर जरा कमी करून काकांनी सव्वातीन मिनिटांचा अभंग यूट्यूबवर चढवला. चहा उकळायच्या आत कॉपीराइटचा दावा हजर.

(पडद्यावर आवाजाचा आलेख)

यूट्यूबनं कंटेंट आयडी आणलं २००७ साली. हक्कधारक कंपन्या आपल्या गाण्यांच्या फायली तिथं देऊन ठेवतात. मशीन प्रत्येक फायलीचा ठसा काढतं आणि चढणारा नवा व्हिडिओ त्या ठशांशी पडताळतं. आता हीच रेकॉर्ड एखाद्या कंपनीनं पुढं कॅसेटवर, मग सीडीवर काढलेली असली, तर ठसा तिच्या खात्यावर. मशीनचं ऐकण्यात काही चुकलेलं नाही, आवाज तोच आहे. लेबलशेजारचा नंबर तेवढा त्यानं वाचला नाही.

व्हिडिओ अडवायचा, नुसती नजर ठेवायची की जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवायचे, हे कंपनी ठरवते. काकांना हरकत घेता येते. ती जाते त्याच कंपनीकडे, आणि उत्तराला ३० दिवस. फिर्यादीच न्यायाधीश! काकांनी नंबर, साल, कायदा, सगळं लिहून धाडलं. उत्तर आलं: दावा कायम.

पुढं अपील आहे. पण अपिलावर कंपनीनं व्हिडिओ कायद्यानं काढायला लावला, तर चॅनलला स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाचा ठपका. ९० दिवसांत असे तीन झाले की चॅनलच जातं, आणि काकांच्या चॅनलवर दोनशेवर रेकॉर्ड आहेत. शिवाय यूट्यूब अमेरिकेचं, आणि तिथं जुन्या ध्वनिमुद्रणांवरच्या हक्काची मुदत आपल्याहून लांब आहे, तोही गुंता आहेच.

काकांनी व्हिडिओ उतरवला.

(काका रेकॉर्ड कागदी पाकिटात सरकवतात. पंख्याचा आवाज. चळतीतली दुसरी रेकॉर्ड घेतात, बॅटरी तिरकी धरतात.)