बाक मिळाला, पण वर्गात वाटा मिळाला का? बौद्धिक दिव्यांग मुलांच्या समावेशनाविषयी

नमस्कार.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला गल्लीतली इतर मुले जातात त्याच शाळेत प्रवेश मिळाला, हजेरीपटावर त्याचे नाव चढले, की समावेशन झाले असे आपण धरून चालतो. पालकांना हायसे वाटते, शाळेच्या माहितीतला एक रकाना भरला जातो आणि ते मूल शेवटच्या बाकावर रंगकामाची वही घेऊन वर्षामागून वर्षे बसून राहते. वर्ग भागाकार शिकतो, कविता म्हणतो, गटात प्रयोग करतो आणि हे मूल फळांची चित्रे रंगवते. कुणी त्याला त्रास देत नाही, कुणी ओरडत नाही, म्हणून सगळे ठीक चालले आहे असे वाटते. माझ्या मते, अशा मुलाचा समावेश अजून सुरूच झालेला नाही. वर्ग जे काम करतो आहे, त्यातले एखादे खरे काम त्याच्या वाट्याला येते का, हाच प्रश्न मी आजच्या व्हिडिओत धरून ठेवणार आहे.

आधी थोडक्यात ओळख करून घेऊ. बुद्ध्यांक साधारण ७० किंवा त्याहून कमी असणे आणि त्याबरोबरच रोजच्या व्यवहारातील कौशल्ये, म्हणजे स्वतःची काळजी, संवाद, पैशांचे व्यवहार, लोकांत वावरणे, ही वयाच्या मानाने मागे राहणे, या दोन्ही गोष्टी बालपणापासून दिसत असतील, तर त्याला बौद्धिक दिव्यांगत्व म्हणतात. नुसत्या बुद्ध्यांकाच्या आकड्यावरून निदान होत नाही. हा मानसिक आजार नव्हे, त्यामुळे औषधाने तो 'बरा' करण्याचा दावा कुणी करीत असेल, तर तेथे पैसे आणि वेळ घालवू नये. बहुतेक मुले सौम्य गटात मोडतात. ती व्यवहारापुरते लिहायला-वाचायला शिकू शकतात, एकट्याने प्रवास करू शकतात, पुढे काम करून कमावू शकतात, फक्त त्यांना शिकायला वेळ जास्त लागतो आणि शिकवण्याची रीत वेगळी लागते.

मूल वेळेवर मान धरत नाही, बसत नाही, बोलत नाही, अशी शंका असेल तर 'मुलगे उशिराच बोलतात' या समजुतीवर विसंबून राहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरमधून झाली. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात आणि गरज असेल त्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना पथक कधी येणार आहे ते विचारा आणि त्या दिवशी मुलाला घेऊन स्वतः हजर राहा, कारण घरातली निरीक्षणे आई जितक्या नेमकेपणाने सांगू शकते, तितकी दुसरे कुणी सांगू शकत नाही.

(पडद्यावर: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम ३१)

कायद्याबद्दल एवढेच लक्षात ठेवा. २०१६ च्या या अधिनियमानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला घराजवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. यातली निवड पालकांची आणि मुलाची आहे. 'तुमच्या मुलाला विशेष शाळेतच घाला' असा सल्ला कुणी देऊ शकते, सक्ती करू शकत नाही. विशेष शाळांना मी कमी लेखत नाही. मुंबईतील जय वकील यांच्या नावाची शाळा १९४४ पासून आणि पुण्यातील कामायनी १९६४ पासून या मुलांसाठी काम करीत आहे. ज्या काळात सर्वसाधारण शाळांनी दारे बंद ठेवली होती, त्या काळात शिकवण्याच्या पद्धती अशाच संस्थांनी कष्टाने उभ्या केल्या. आज त्या पद्धती सर्वसाधारण शाळांच्या वर्गापर्यंत पोहोचल्या पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता वर्गात जाऊ. जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिसरीचा वर्ग आहे आणि वर्गातल्या एका मुलीला संख्यांची नावे पाठ आहेत, पण मोजता येत नाही. ती तोंडाने 'एक, दोन, तीन' म्हणते आणि बोट दोन वस्तूंवरून एकदम पुढे सरकते. बाई तिला वहीत १ ते १० अंक गिरवायला देतात, ती सुंदर गिरवते, पण मोजणे मात्र येत नाही. मोजण्याचा पाया असतो एका वस्तूला एकच अंक देण्यात, आणि हा पाया वहीत घालता येत नाही. त्यासाठी पोषण आहाराची वेळ सर्वांत चांगली. बाईंनी व्हरांड्यात पंगतीच्या जागी खडूने वर्तुळे काढावीत, जितकी मुले तितकी. त्या मुलीने प्रत्येक वर्तुळात एक ताट ठेवावे आणि ठेवताना अंक म्हणावा. सुरुवातीला एखाद्या वर्तुळात दोन ताटे जातील, एखादे रिकामे राहील. बाईंनी ते स्वतः दुरुस्त न करता रिकाम्या वर्तुळाकडे फक्त बोट दाखवावे. आठ-दहा मुलांची एक रांग नीट जमू लागली की दुसरी रांग द्यावी. मग वर्तुळे पुसून टाकावीत आणि मुले बसल्यावर प्रत्येकापुढे ताट ठेवायला सांगावे. शेवटी हजेरी पाहून 'आज किती ताटे लागतील?' हा प्रश्न तिला विचारावा.

या कामात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. मुलीला गणित मिळते आणि वर्गाला ती हवीशी होते, कारण ताटे मांडल्याशिवाय कुणाच्या ताटात खिचडी पडत नाही. ही युक्ती परिपाठालाही लागू पडते: सुविचार वाचता येत नसेल तर आजचा वार आणि तारीख फलकावर लावण्याचे काम मुलाकडे द्यावे. मात्र काम खरे असावे. सगळी मुले गेल्यावर वर्गातल्या खुर्च्या आवरायला लावणे, बाईंचा डबा धुऊन आणायला सांगणे, हे समावेशन नव्हे.

अशा मुलासाठी वर्षभराचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करायचा असतो. शाळांत त्याला आयईपी म्हणतात. पालकांनी तो मागून घ्यावा आणि वाचावा. 'मुलाची स्वच्छता सुधारेल' असे उद्दिष्ट त्यात असेल तर ते बदलून घ्या, कारण सुधारणा झाली की नाही हे वर्षाअखेरीस कुणालाच सांगता येणार नाही. 'जेवणाआधी न सांगता नळावर जाईल आणि साबणाने हात धुईल' असे लिहिले, तर घर आणि शाळा दोघांनाही रोज काय पाहायचे ते कळते. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक गट साधन केंद्रातून शाळांना भेटी देतात; त्यांची पुढची भेट कधी आहे ते मुख्याध्यापकांना विचारून आराखड्याच्या बैठकीला स्वतः बसा.

घरी शिकवताना एक रीत फार उपयोगी पडते. कोणत्याही कामाचे लहान टप्पे पाडायचे आणि शेवटच्या टप्प्यापासून शिकवायला सुरुवात करायची. शर्टाची बटणे घ्या. आपण नेहमी पहिले बटण मुलाला देतो. ते जमत नाही, शाळेची वेळ होते, आपण चिडतो आणि उरलेली स्वतःच लावून टाकतो. त्याऐवजी सगळी बटणे आपण लावावीत, शेवटचे बटण काजात अर्धे घालून द्यावे आणि मुलाने ते फक्त ओढून घ्यावे. काम त्याच्या हातून पूर्ण होते आणि कौतुकही त्याच क्षणी मिळते. ते जमले की शेवटचे अख्खे बटण त्याचे, मग शेवटची दोन त्याची, असे एकेक बटण वर सरकत जायचे. दप्तर भरणे, अंथरुणाची घडी, पोळीचा डबा लावणे, सगळे असेच शिकवता येते.

बोलण्याच्या बाबतीत मला पालकांना आग्रहाने सांगावेसे वाटते की मुलाशी घरच्या भाषेतच बोला. घरात मालवणी असेल तर मालवणी, अहिराणी असेल तर अहिराणी. दोन भाषा कानांवर पडल्याने मूल गोंधळेल या भीतीने आजी-आजोबांचे त्याच्याशी बोलणेच बंद करणारी घरे आहेत आणि त्यात मुलाचे दुहेरी नुकसान होते. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. उत्तर तयार व्हायला त्याला वेळ लागतो. आपण दुसऱ्याच क्षणी प्रश्न नव्या शब्दांत विचारला, की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता अशा एका विषयाकडे येते, ज्यावर मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो. शांत असलेले मूल अचानक डोके आपटू लागते, चावू लागते, ताट भिरकावते, शाळेत जायला नकार देते. घरातले म्हणतात, 'त्याचे असेच असते.' शाळा म्हणते, 'याला आवरा, नाहीतर पाठवू नका.' कधीकधी दवाखान्यातही मुलाला न तपासता झोपेचे औषध लिहून दिले जाते. परंतु ज्या मुलाला 'माझी दाढ दुखते' हे सांगता येत नाही, ते हातापायांनी सांगते. म्हणून वागण्यात अचानक बदल झाला, तर पहिली तपासणी शरीराची: दात, कान, घसा, पोट साफ होते की नाही, लघवीला जळजळ, कपड्याखाली पुरळ किंवा मार लागल्याच्या खुणा. डाऊन सिंड्रोम, म्हणजे बौद्धिक दिव्यांगत्वाचे एक जन्मजात कारण, असलेल्या मुलांत जन्मजात हृदयदोष जवळपास निम्म्यांना असतो, थायरॉइड कमी पडण्याचे आणि ऐकू कमी येण्याचे प्रमाणही जास्त असते, त्यामुळे थायरॉइडची तपासणी दरवर्षी व्हायला हवी. मूल 'आळशी' झाले, वजन वाढले, अभ्यासात आणखी मागे पडले, हे सगळे त्याच्या दिव्यांगत्वाच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नका. ते उपचाराने भरून येणारे असू शकते.

शरीरात काही सापडले नाही तर वहीत तीन गोष्टी लिहा: प्रसंगाच्या आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले. आठवडाभरात आकार दिसू लागतो. प्रार्थनेच्या भोंग्याआधीच त्रास होत असेल तर आवाजाचा प्रश्न आहे, त्याला भोंग्यापासून लांब उभे करा. गणिताचा तास सुरू होताच पुस्तक फेकत असेल आणि प्रत्येक वेळी वर्गाबाहेर काढले जात असेल, तर पुस्तक फेकले की गणित टळते हे त्याला कळले आहे. त्याला 'थांबू का?' असे चित्रकार्ड दाखवून थोडी विश्रांती मागायला शिकवा आणि गणित त्याच्या पातळीवर आणा.

मैत्रीच्या बाबतीत शाळा एक चूक हमखास करतात. वर्गातल्या एखाद्या समंजस मुलीला या मुलाची सोबतीण नेमतात आणि ती वर्षभर त्याची सांभाळकर्ती बनते. तिच्यावर ओझे पडते आणि त्याला मैत्रीण मिळतच नाही. सोबती पाळीपाळीने बदलावेत आणि खेळ असा निवडावा की त्याला आपणहून काही करता येईल. सहलीचेही तसेच. 'जबाबदारी कोण घेणार?' असे म्हणून सहलीतून वगळलेल्या मुलाच्या घरी त्या संध्याकाळी काय वातावरण असते, हे शाळांनी एकदा समजून घ्यावे. सहलीआधी त्या जागेची छायाचित्रे दाखवणे, दिवसाचा क्रम चित्रांत लावून देणे आणि एक जादा मोठे माणूस सोबत नेणे, एवढ्याने बहुतेक मुले आनंदाने जाऊन येतात.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट बोलते. या मुलांना आपण प्रत्येक मोठ्या माणसाचे ऐकायला शिकवतो आणि आज्ञाधारक मुलाचे कौतुक करतो. याच सवयीचा गैरफायदा घेतला जातो. म्हणून मुलाला 'नको' म्हणायला शिकवा आणि आपण मिठी मारताना त्याने 'नको' म्हटले तर ते मानून मागे व्हा, नाहीतर त्या शब्दाला जोर येणार नाही. कपडे बदलताना दार लावायचे, अंगाला हात लावण्याआधी समोरच्याने विचारायला हवे, हे लहानपणापासून रोजच्या अंघोळीतच शिकवा. मुलीला पाळी येण्याआधी पॅड कसा लावायचा, कुठे टाकायचा, हे दाखवून सराव करून घ्या. मदत लागली तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि लैंगिक अत्याचारांपासून मुलांचे रक्षण करणारा पॉक्सो कायदा या मुलांनाही पूर्ण संरक्षण देतो.

आईविषयी बोलल्याशिवाय मुलाच्या स्वास्थ्याचे बोलणे अपुरे राहील. थेरपी, शाळा, दवाखाना, सगळीकडे बहुधा तीच एकटी जाते. लग्नकार्यात मूल बरोबर असले की लोक वळून पाहतात, म्हणून ती जाणेही सोडून देते. घरातल्यांनी आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ मूल आपल्याकडे घ्यावे. काकाने, आत्याने, शेजाऱ्यांनीही हे करता येते आणि मुलाला त्यामुळे आणखी एक आपले माणूस मिळते. भावंडांनाही आईबाबांचा वेळ वेगळा काढून द्यावा लागतो. खर्चाचा थोडा भार हलका करण्यासाठी बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठीही काम करणाऱ्या राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीच्या खर्चाचाही समावेश होतो.

मूल १६-१७ वर्षांचे झाले की पुढच्या कागदपत्रांची तयारी सुरू करा. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार गरज असेल तर पालकत्वासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो आणि या समितीचे काम जिल्हाधिकारी पाहतात. २०१६ च्या अधिनियमात मात्र मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. त्यात पालक आणि ती व्यक्ती यांनी परस्पर विश्वासाने मिळून निर्णय घ्यायचा असतो. सही कुणाची चालेल हे वकिलांना विचारण्याआधी, तुमच्या मुलाला किंवा मुलीला कुठे राहायचे आहे, कोणते काम आवडते आणि आपल्या पैशांतून काय घ्यायचे आहे, हे चित्रे समोर ठेवून त्यांनाच विचारा आणि मिळालेले उत्तर अर्जाच्या कागदांसोबत लिहून ठेवा.