सातवीचं वर्ष, मैदानावरचं

(दृश्य : शाळेचं मैदान. मातीत रोवलेली काठी, भोवती मुलं.)

सातारा जिल्ह्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा. जूनचा तिसरा आठवडा, ढग जरा फाटलेत. सातवीच्या मुलांनी एक मीटर उंचीची काठी ओळंबा धरून सरळ उभी केली आहे. भरदुपारी सावली उरते जेमतेम 10 सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेला! मुलं होकायंत्र पुन्हा तपासतात. ते बरोबरच आहे. सातारा 17.7 अक्षांशावर, कर्कवृत्त साडेतेवीसवर. या दिवसांत सूर्य त्यांच्या डोक्याच्याही उत्तरेला गेलेला असतो.

घड्याळात बारा वाजले, तरी सावली अजून आखडतेच आहे. सर्वांत लहान होते ती साडेबारानंतर. असं का, ते आठवीच्या भूगोलात येतं.

(दृश्य : सावलीच्या टोकाशी चुन्याच्या खुणा, एकापुढे एक.)

सातवीत ऋतुनिर्मितीचा धडा दोन भागांत आहे. एक वर्षाच्या सुरुवातीला, दुसरा बराच पुढे. मधले महिने आकाशाकडे बघायचे. दोन्ही भाग फळ्यावर उरकले, तर हे सगळं वाया जातं. इथे बाईंनी ते वाया जाऊ दिलेलं नाही. सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली नाहीशी होण्याचा दिवस वर्षातून दोनदा येतो. मे महिन्यातला सुट्टीत जातो, ऑगस्टच्या तोंडावरचा ढगांत. पण खुणा पुढे सरकत राहतात. सावली कूस बदलून उत्तरेला वळते. डिसेंबरच्या बाविसाव्या दिवशी टेप सांगतो, 87 सेंटिमीटर. वहीत तारीख, वेळ, लांबी. गणिताच्या तासाला त्याचा आलेख. निरीक्षण मात्र मराठीत, स्वतःच्या वाक्यांत लिहायचं, ही बाईंची अट.

(दृश्य : घमेल्यात चिखलाचा डोंगर, त्यात तांब्याने ओतलं जाणारं पाणी.)

पाणी दोन बोटं चढलं की काठाने खिळ्याची रेघ. पुन्हा पाणी, पुन्हा रेघ. वरून पाहिलं की समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, तयार. जिथे रेषा दाटीने आल्या, तिथे चढ उभा. मग इतिहासातलं प्रतापगडाचं पान उघडतं. 10 नोव्हेंबर 1659. अफजलखानाची मोठी फौज जावळीच्या खोऱ्यात पसरू का शकली नाही, हे मुली घमेल्यावर बोट ठेवून सांगतात.

(दृश्य : खिचडीचं पातेलं, वाफ.)

समप्रमाणाची उदाहरणं मावशींच्या चुलीपाशी सुटतात. पाचवीपर्यंत दर मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, पुढे 150. आज धाकटी 52, मोठी 48. मुलं मांडतात : 5.2 आणि 7.2, एकूण 12.4 किलो. मावशींनी ते आधीच मापून ठेवलेत.

(दृश्य : परिपाठ. उद्देशिका म्हणणारी मुलं.)

नागरिकशास्त्रात यंदा संविधान आहे. रोज तोंडपाठ म्हटलेल्या उद्देशिकेतला एकेक शब्द आता वर्गात उलगडून वाचतात. ‘न्याय’ या शब्दावर तास संपला, पण हात खाली आले नाहीत.

इंग्रजी, हिंदी, विज्ञान यांचेही तास झाले. एप्रिलमध्ये परीक्षा, 1 मेला निकाल.

शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीसाठी एसटीने पलीकडच्या गावी जावं लागतं, आणि काही मुलींच्या घरी अजून काही ठरलेलं नाही.