एनएसएसचं शिबिर आदिवासी पाड्यावर नेताय? वनराई बंधाऱ्याचं गणित आधी समजून घ्या

नमस्कार! कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं (एनएसएस) सात दिवसांचं शिबिर यंदा पाड्यावर, आणि काम वनराई बंधाऱ्याचं, म्हणजे ओहोळावर भरलेल्या गोण्या रचून घातलेल्या तात्पुरत्या बांधाचं. काम सोन्यासारखं आहे. पण बस ठरवायच्या आधी तारीख बघा, कारण बरेच बंधारे तारखेपायीच वाया जातात.

पालघर-रायगडकडच्या बऱ्याच कातकरी वस्त्या दिवाळी उरकली की रिकाम्या व्हायला लागतात. माणसं मुलाबाळांसकट वीटभट्टीवर जातात. कॉलेजं मात्र परीक्षा संपवून डिसेंबर-जानेवारीत शिबिर लावतात. तेव्हा पाड्यावर भेटतात म्हातारी माणसं, आणि ओहोळाची धारही तुटायला आलेली असते. वनराई बंधारा अडवतो ते वाहतं पाणी. धार आटल्यावर बांधलात तर नुसती गोण्यांची भिंत उभी राहते. भातकापणी आटोपलीय, माणसं अजून घरी आहेत, ओहोळ वाहतोय, असा आठवडा हवा. तो बहुतेकदा दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास सापडतो. नेमका कोणता, ते पाड्याला विचारा.

विचारायला महिनाभर आधी जा, संध्याकाळी, लोक कामावरून परतल्यावर. सोबत मुली हव्यातच, कारण पाणी भरतात बायका आणि कुठला झरा कधी आटतो हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा. त्या क्षेत्रात पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते, तेव्हा एकट्या सरपंचांचं पत्र घेऊन भागत नाही. बंधारा हवाय का, कुठे हवाय, आणि पाणी फुगल्यावर कुणाच्या शेतात किंवा वाटेवर चढेल, हे सभेतच बोलून घ्या. जागा वनजमिनीत असेल तर वन विभागाची परवानगी लागेल.

आता तुमचं स्वतःचं पाणी. पन्नास जण, माणशी वीस लिटर धरले तरी दिवसाला हजार लिटर. पाड्याला एकच विहीर असेल, तर ती रात्रीत किती भरते ते आधीच्या भेटीत बघा. कमी भरत असेल तर टँकर मागवा. पाहुण्यांनी विहीर उपसायची आणि पाड्यानं हंडे घेऊन थांबायचं, हे चालणार नाही. जुने कपडे वाटायचा कार्यक्रमही कृपा करून नको, आणि आईवडिलांना न विचारता मुलांचे फोटो तर नकोतच.

बांधकामाकडे येऊ. पात्र अरुंद, दोन्ही काठ पक्के, वरच्या अंगाला उतार कमी, अशी जागा धरा. पाच मीटर रुंद पात्र आणि मीटरभर उंची, एवढ्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या दोनशे ते अडीचशे लागतात. वीसेक जास्तच न्या, फाटक्या निघतातच. सोबत फावडी, घमेली, टिकाव, सुतळी आणि दाभण.

सगळ्यात आधी पाया. गोटे, पालापाचोळा, मुळ्या उपसून तळ घट्ट लागेपर्यंत खणा. घाईत हेच टाळलं जातं, मग वरची भिंत शाबूत राहते आणि पाणी खालून निघून जातं. गोणी दोन तृतीयांशच भरा, वाळू किंवा मुरूम घालून. गच्च भरलेली गोणी गोल होते, शेजारणीशी चिकटत नाही, फटी राहतात. दगड भरले तर गोणी फाटते. तोंड दाभणानं शिवून घ्या आणि गोण्या विटांसारख्या रचा, खालच्या सांध्यावर वरची गोणी यायला हवी. अशा दोन भिंती, मध्ये हातभर पोकळी. पाणी खरं अडवते ती या पोकळीतली चिकणमाती. ती एकदम ओतायची नाही. वीतभर थर टाका, ओला करा, पायांनी तुडवा, मग पुढचा थर. दोन्ही टोकं काठात फूट-दीड फूट घुसवा. जास्तीचं पाणी मधूनच ओसंडावं म्हणून मधला भाग वीतभर खाली ठेवा. ते कडेनं वाहिलं तर काठ खात जातं आणि बंधारा बगलेतून फुटतो.

आणि उन्हाळ्यात गोण्या जीर्ण होतात. पहिल्या पुरात त्या वाहून गेल्या की प्लास्टिकच्या चिंध्या खालच्या भातखाचरांत जाऊन बसतात. म्हणून मेअखेरीस गोण्या काढायला कॉलेजातून कोण येणार, ती नावं आणि तारीख शिबिराच्या शेवटच्या सभेतच लिहून पाड्याकडे द्या.