परवलीचा शब्द आणि त्याच्या लगतचा पुरावा

आज समोर भोसरी-चाकणचे लघुउद्योजक आहेत, तसेच मार्केट यार्ड आणि लक्ष्मी रस्त्यावरचे व्यापारीही आहेत. म्हणून दोघांच्याही धंद्यातली उदाहरणे घेऊन बोलतो. मार्केटिंगमध्ये ज्यांना बझवर्ड म्हणतात, त्या परवलीच्या शब्दांना सरसकट नावे ठेवण्याची पद्धत सुशिक्षित वर्गात रूढ आहे. मला ती मान्य नाही. ग्राहक स्वतः जो शब्द टाकून गूगलवर माल शोधतो, तोच आपल्या पत्रकात नसेल, तर आपला माल कितीही चांगला असला तरी त्याच्या नजरेस पडणार नाही. माझा आग्रह एवढाच आहे, की असा शब्द वापरल्यावर त्याच्या लगतच, शक्यतो त्याच वाक्यात, ग्राहकाला पडताळून पाहता येईल असे काहीतरी सांगितले पाहिजे.

लाकडी घाण्याच्या तेलाचेच घ्या. पुण्याच्या उपनगरांत अशी दुकाने आता जागोजागी दिसतात. बाटलीवर ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’, ‘केमिकल-फ्री’ असे शब्द एकाखाली एक छापलेले असतात आणि शेजारच्या दुकानातल्या बाटलीवरही तेच असतात. मग ग्राहक भाव विचारतो आणि स्वस्त ते उचलतो. त्याऐवजी ‘लाकडी घाणा’ एवढेच मोठ्या अक्षरांत ठेवावे, आणि खाली शेंगदाणा कुठल्या भागातला, तेल कोणत्या तारखेला काढले, घाणा चालू असताना कोणत्या वेळेत येऊन पाहता येईल, हे लिहावे. रिफाइंड न केलेल्या तेलात थोडा गाळ तळाशी बसतो, हेही लेबलावरच सांगून टाकावे, म्हणजे घरी गेल्यावर तो गाळ पाहून गिऱ्हाइकाच्या मनात शंका येत नाही. ‘सेंद्रिय’ हा शब्द मात्र एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सेंद्रिय मालासाठीच्या सरकारी योजनांपैकी एकीचे प्रमाणपत्र हाती असल्याशिवाय पाकिटावर घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन.

कारखानदारांची गोष्ट थोडी वेगळी आहे. यंत्रे संगणक आणि इंटरनेटने एकमेकांना जोडून चालवलेल्या कारखान्यासाठी वापरला जाणारा ‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द २०११ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात पुढे आला आणि आज तो आपल्याकडच्या लहानमोठ्या माहितीपत्रकांवर सर्रास असतो. पण वाहन कंपनीचा खरेदी अधिकारी हा शब्द वाचून ऑर्डर देत नाही. त्याला दर दहा लाख नगांमागे किती नग नाकारले गेले, माल किती दिवसांत पोहोचेल आणि आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगातल्या गुणवत्ता मानकाच्या प्रमाणपत्राची मुदत कधीपर्यंत आहे, हे हवे असते. ‘प्रत्येक नगावरचा क्यूआर कोड स्कॅन केल्यास तो कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत आणि कोणत्या बॅचच्या पोलादातून बनला हे कळते’ असे एक वाक्य त्या शब्दाखाली असेल, तर तो अधिकारी थांबून पुढचा प्रश्न विचारतो, आणि विक्रीची खरी बोलणी तिथून सुरू होतात. ‘एआय’च्या बाबतीतही हेच लागू आहे, त्यावर वेगळे बोलत नाही.

‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘सस्टेनेबल’ या शब्दांविषयी मात्र सावध करणे मला आवश्यक वाटते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून, पुरेसा तपशील आणि आधार दिल्याशिवाय असे मोघम शब्द वापरण्यास त्यांत मनाई आहे. फसव्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार हे प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. पण दंडाचा धाक हे माझ्या दृष्टीने दुय्यम कारण आहे. ‘खोक्याचा पुठ्ठा पूर्णपणे पुनर्वापरातला आहे, आतली पिशवी मात्र अजून प्लॅस्टिकची आहे’ असे जो उत्पादक लिहितो, त्याच्या पहिल्या अर्ध्या वाक्यावर लोकांचा विश्वास बसतो, कारण दुसरे अर्धे वाक्य त्याने लपवलेले नसते.

म्हणून नवे पत्रक छपाईला देण्यापूर्वी ते विक्री विभागाकडून तपासून घ्याच, पण तक्रारीचे फोन घेणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यालाही वाचायला द्या. कोणत्या शब्दावर बोट ठेवून ग्राहक जाब विचारणार आहे, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. त्याने खूण केलेल्या प्रत्येक शब्दापुढे आधार लिहा, आणि जिथे तो सापडत नाही तिथला शब्द गाळून पत्रक छापा.